कॅलट्राव्हासारखं ड्रेस वॉच स्वतः बनवायचंय, मशीन कुठलं घेऊ?

सातपूरचा_लेथवाला

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसता वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय तर सांभाळून घ्या.

मी नाशिकला असतो, सातपूर एमआयडीसीत मित्राचं छोटं वर्कशॉप आहे, तिथे लेथ आहे, मिलिंग आहे आणि रविवारी सगळं मोकळं असतं, त्यामुळे हा किडा डोक्यात शिरलाय. पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं जुनं कॅलट्राव्हा आहे ना, रेफरन्स ९६, १९३२ चं, ते मला आजवरच्या सगळ्या घड्याळांत जास्त आवडतं. गोल केस, सपाट बेझल (काचेभोवतीची कडा), तारीख नाही, आकडे नाहीत नुसत्या कांड्या, धारदार डॉफिन काटे आणि सहाच्या जागी छोटा सेकंद काटा, बास. खरं घ्यायची ऐपत या जन्मात तरी नाही आणि फर्स्ट कॉपी बांधायची लाज वाटते, म्हणून म्हटलं त्या वळणाचं एक आपणच बनवावं. डायलवर कुणाचंही नाव टाकणार नाहीये हे आधीच सांगतो.

प्लॅन असा की मशीन, म्हणजे घड्याळाच्या आतली मुव्हमेंट, सेकोचं एनएच३५ घ्यायचं (यूट्यूबवर सगळे तेच घेतात), ३६ मिमीची केस स्टेनलेस स्टील ३१६एल मधून स्वतः टर्न करायची, डायल पितळेचं करायचं, काटे विकत आणायचे. टूल्स धरून बजेट पंधरा हजार. आता प्रश्न. एनएच३५ ला सहावर छोटा सेकंद काटा आणता येतो का? लग्सचं (केसची पट्टा अडकवायची शिंगं) काय करायचं? अलीएक्सप्रेस २०२० पासून आपल्याकडे बंद आहे तर पार्ट्स कुठून मागवता? आणि काटे बसवणं घरी जमण्यासारखं आहे की सरळ घड्याळवाल्याकडे द्यावं?

डायलबहाद्दर

स्वागत आहे. लेथ हाताशी असलेला माणूस इथे पहिल्यांदाच दिसतोय, बाकी आम्ही सगळे रेडीमेड केसवाले.

एनएच३५ वाईट नाही, उलट शिकायला त्याच्याइतकं दणकट मशीन नाही, २४ ज्वेल (आतले खडे), तासाला २१,६०० बीट, चावी पण देता येते, क्राउन (चावीचं बटण) ओढला की सेकंद काटा थांबतो. पण तुमच्या कामाचं ते नाही. एक तर त्याचा सेकंद काटा मधोमध आहे आणि तो सहावर नेता येत नाही, विषय संपला. लोक नुसतं सबडायल (डायलमधलं छोटं डायल) छापतात आणि त्यात खोटा काटा चिकटवतात, ते कृपया करू नका. दुसरं म्हणजे जाडी. मशीनच ५.३२ मिमी आहे. त्यावर डायल ०.४, काट्यांना फिरायला दीड-दोन, काच सव्वा-दीड, खाली बॅक एक-दीड, अशी बेरीज केलीत तर साडेनऊच्या खाली येतच नाही, पावणेअकरापर्यंतही जाते. ३६ च्या केसला एवढी जाडी म्हणजे मनगटावर बाटलीचं बूच ठेवल्यासारखं दिसतं, शर्टाच्या बाहीखाली जायचं तर लांबच. आणि एनएच३५ ला तारीख आहे, बिनतारखेचं डायल लावलं तरी क्राउन ओढताना तारखेचं मधलं भुताचं क्लिक राहतं. बिनतारखेचं एनएच३८ मिळतं पण जाडी तीच.

माझं मत विचाराल तर ड्रेस वॉचला आधी मशीन ठरवायचं, मग त्याच्या जाडीवरून केस, मग डायल. तुम्ही केसपासून सुरुवात केलीये.

ऑटोमॅटिकच हवं असेल तर मियोटा ९०३९ बघा, बिनतारखेचं, जाडी ३.९ मिमी, म्हणजे जवळपास दीड मिमी तिथेच वाचतात. पण सेकंद काटा मधोमधच. छोटा सेकंद काटा आणि कमी जाडी दोन्ही हवं असेल तर चावीचं मशीन बघा.

पेठेतला_पोपट

हौस म्हणून ठीक आहे पण एवढा खटाटोप करून शेवटी दुसऱ्याच्या डिझाइनची नक्कलच ना? त्यापेक्षा एचएमटी जनता घ्या एखादं. १९६१ ला बंगळूरला सिटिझनच्या मदतीनं एचएमटीनं घड्याळं सुरू केली, तेव्हापासून जनता म्हणजे गोल केस, साधं डायल, चावीचं, सतरा ज्वेल. तुम्ही म्हणता तो साधेपणा आपल्या वडलांच्या मनगटावर आधीच होता की.

डायलबहाद्दर

@पेठेतला_पोपट अहो गोल केस आणि कांड्या यावर कुणाची मक्तेदारी नाही. अर्ध्या स्विस कंपन्यांनी नव्वद वर्षं तेच केलंय, तुमचं जनताही त्याच वळणाचं. पाटेकचं नाव किंवा त्यांच्या लोगोतला तो क्रॉस डायलवर टाकलात तर मात्र ती नक्कल, आणि तसं घड्याळ अस्सल म्हणून विकलंत तर ट्रेडमार्क कायदा १९९९ खाली गुन्हा.  लेथवाले भाऊ टाकत नाहीयेत.

चावीवाला_आजोबा

लेथवाले, वर छोट्या सेकंद काट्याचं सांगितलंय ते बरोबर. मी जरा पुढचं सांगतो, आमचं दुकान होतं, आता नाही, पण आयग्लास अजून डोळ्याला लागतो.

सहावर छोटा सेकंद काटा असलेली चावीची मशीनं तुमच्या आवाक्यातली मला दोनच आठवतात. पहिलं युनिटास ६४९८. हे मुळात खिशातल्या घड्याळाचं मशीन, व्यास ३६.६, जाडी ४.५. त्याची चिनी आवृत्ती सीगलची एसटी३६२०, स्वस्त मिळते आणि चालतेही छान, बॅलन्स मोठा असल्यामुळे बघायला मजा येते. ६४९७ घेऊ नका हं, त्यात क्राउन तीनला ठेवला तर सेकंद काटा नऊला येतो, ऑर्डर करताना बरेच जण इथेच फसतात. पण तुमची केस ३६ ची आणि मशीन ३६.६ चं, तेव्हा काय ते समजा. ६४९८ घातलं की केस चाळीसच्या पुढे गेली, ते चांगलं घड्याळ होईल पण ९६ च्या वळणाचं होणार नाही. मूळ ९६ जेमतेम ३१ मिमीचं आहे.

दुसरं प्यूझो ७००१. व्यास २३.३, जाडी अडीच मिमी फक्त. यात तुमची एकूण केस आठच्या आसपास बसेल. नवीन घ्यायला गेलात तर तुमचं बजेट तिथेच संपेल, पण जुन्या स्विस ड्रेस घड्याळांत हे मशीन भरपूर वापरलंय, केसचा मुलामा उडालाय, काच गेलीये असं एखादं बघा, केस तुम्ही टाकूनच देणार आहात.

आता एक गोष्ट नीट ऐका. छोटं मशीन मोठ्या केसमध्ये घातलं की सेकंदाचं सबडायल मध्याच्या फार जवळ येतं, कारण त्याची जागा मशीन ठरवतं, तुम्ही नाही. मग खाली सहाच्या कांडीपर्यंत मोकळं मैदान पडतं आणि डायल तिरळं दिसायला लागतं. खुद्द पाटेकच्या ३७ मिमीच्या ५१९६ वर लोकांनी हीच टीका केली, त्यात आतलं मशीन २२ मिमीच्याही आतलं होतं. २०२१ ला ६११९ आणलं ३९ मिमीचं, त्यात मशीनच नवीन मोठं घातलं तेव्हा कुठे सबडायल जागेवर आलं. म्हणून ७००१ घेतलंत तर ३६ च्या वर जाऊ नका, ३५ केलंत तर अजून बरं, आणि बेझल रुंद ठेवा म्हणजे डायलचं उघडं तोंड लहान राहतं.

@पेठेतला_पोपट, जनताबद्दल बोललात ते खरं, पण त्यात सेकंद काटा मधोमध असतो.

पेठेतला_पोपट

बरं आजोबा, मान्य. मग पुण्याला मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात या रविवारी नाहीतर बुधवारी, फेवर ल्यूबा, वेस्ट एंड, हेन्री सँडोज असली जुनी स्विस घड्याळं पडलेली असतात. फक्त नवं चकचकीत डायल दिसलं की पळा, परदेशातले लोक ज्याला 'मुंबई स्पेशल' म्हणून नाकं मुरडतात ते तेच, डायल रंगवलेलं, काटे एकाचे, केस दुसऱ्याची.

चावीवाला_आजोबा

पळू नका, उलट भाव पाडून घ्या. यांना डायल नकोय, काटे नकोत, केस नको. फक्त मशीन हवंय. मागचं झाकण उघडून मागा, उघडू देत नसेल तर सोडा. आत ब्रिजवर गंज नाही ना, स्क्रूचे माथे खाल्लेले नाहीत ना, आणि चावी दिल्यावर घड्याळ सरळ, उलटं, उभं धरून प्रत्येक वेळी चालतंय का एवढं बघा. चालत असलं तरी सर्व्हिसिंग करूनच घालायचं. वाळलेल्या तेलावर चालणारं मशीन आतून झिजत असतं, वरून कळत नाही.

सातपूरचा_लेथवाला

बापरे, एका रात्रीत एवढं! सगळ्यांचे आभार. सबडायलचं आजोबांनी सांगितलं ते डोक्यात लख्ख बसलं, ५१९६ चे फोटो परत बघितले आणि आता ते मला तसंच दिसायला लागलंय, बघवत नाही.

ठरलं मग, ७००१ शोधतो, केस ३५. मधल्या काळात पितळेत केसचा एक नमुना काढून बघेन म्हणतोय. डायलबद्दल कुणी काही सांगेल का? लेथवर गोल कापता येईल, पण ती चंदेरी दाणेदार फिनिश कशी आणायची, आमच्याकडे प्लेटिंग औद्योगिक आहे, झिंक वगैरे.

हुपरीकर

डायलचा प्रश्न आला म्हणून लिहितो, आमच्या गावात घरटी चांदीचं काम आहे.

दोन रस्ते आहेत. पहिला पितळेवर चांदीचा हात मारायचा, जुन्या भिंतीवरच्या घड्याळांची डायलं अशीच केलेली असायची. ०.४ चा पत्रा घ्या, दोन जाड चकत्यांमध्ये दाबून लेथवर गोल टर्न करा म्हणजे कड वाकत नाही. मागचे पाय आधी डाग देऊन घ्या, तांब्याच्या तारेचे, नंतर डाग द्यायला गेलात तर पुढची फिनिश काळी पडते. मग काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर ठेवून एकाच दिशेनं घासायचं. त्यानंतर सिल्व्हर क्लोराइड, मीठ आणि क्रीम ऑफ टार्टर (केकचं सामान मिळतं तिथे मिळेल) याची ओली पेस्ट करून ओल्या फडक्यानं गोल गोल चोळायची. पितळ डोळ्यांदेखत पांढरट चंदेरी होत जातं, आधी डाग डाग दिसतात, घाबरू नका, चोळत राहा, एकसारखं होतं. भरपूर पाण्यानं धुवायचं, सुकवायचं आणि लगेच पातळ लॅकर. हातमोजे घालाच, सिल्व्हर नायट्रेटपासून क्लोराइड घरी करणार असाल तर बोटं आठवडाभर काळी राहतात.

दुसरा रस्ता, सरळ चांदीच्या पत्र्याचं डायल करायचं. एवढ्याशा चकतीला चांदी लागते किती. चांदी काळी पडते म्हणून कुठल्याही सोनाराकडून वर रोडियम पॉलिश करून घ्या, आता सगळीकडे करतात, मग वर्षानुवर्षं बघायला नको. मी असतो तर हाच रस्ता धरला असता. रोडियमचा रंग जरा थंड, निळसर पांढरा येतो, उबदार जुनं चंदेरी हवं असेल तर मात्र पहिलाच बरा.

सबडायलची जागा लेथवर मिमीचे दहा-पंधरा शतांश खाली खोदा. नुसतं दिसायला नाही, तास काट्याखालून सेकंद काट्याला जागा मिळते.

सातपूरचा_लेथवाला

@हुपरीकर पितळ आधी पितांबरीनं घासलं तर चालेल का? हसू नका.

हुपरीकर

हसतोय. तेलकटपणा आणि डाग काढायला सुरुवातीला चालेल, पण नंतर पेपरनं घासून पाण्यानं इतकं धुवा की तिचा अंश राहता कामा नये. शेवटच्या घासणीनंतर पत्र्याला बोट लावायचं नाही, ठसा उमटला की चांदी तिथे धरत नाही.

निळा_काटा

मी न्यू जर्सीला असते, ऑफिसचं काम झालं की बेसमेंटमध्ये हेच उद्योग. काट्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

लेथवाले दादा, विकतचे काटे घेणार म्हणालात, त्यात एक मेख आहे. बाजारातले स्वस्त निळे काटे म्हणजे पितळेवर रंग नाहीतर प्लेटिंग, ते एका बाजूनं निळे दिसतात आणि दुसऱ्या बाजूनंही तेवढेच निळे दिसतात, तिथेच कळतं. तापवून निळा केलेला पोलादी काटा उजेड पडला तर जांभळा-निळा चमकतो आणि उजेड हलला की काळा होतो. तुम्हाला डॉफिनच हवेत, आणि ९६ चे काही निळे नव्हते, पण सहावरचा तो बारका काटा निळा केलात तर अख्खं डायल जिवंत होतं. हे माझं मत, पाटेकवाल्यांनी माफ करावं.

कार्बन स्टीलच हवं, स्टेनलेस नाही. वर्कशॉपमध्ये जुनं फीलर गेज असेल ना, त्याचं ०.१५ चं पातं घ्या. काटा कापून फाइल करून घ्या, आणि मग पॉलिश, इथे आळस नको, कारण प्रत्येक ओरखडा निळ्या रंगात दुप्पट दिसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवा. छोट्या पितळी वाटीत पितळेचा कीस भरून (लेथखाली ढीग असेल) तो स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा आणि काटा वर ठेवायचा. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि तीनशे अंशाच्या जरा अलीकडे तो गडद निळा येतो. जांभळ्यापासून निळ्यापर्यंत वेळ फारच थोडा असतो, चिमटा हातात तयार ठेवा, निळा दिसला की उचलून थंड लोखंडावर. उशीर झाला तर फिका आकाशी होतो, मग परत पॉलिश आणि परत पहिल्यापासून. पंखा बंद ठेवा, वाऱ्यानं एक टोक निळं आणि एक टोक जांभळं होतं.

डॉफिन तास-मिनिट काटे मात्र विकतच घ्या. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन उतार, ते दोन्ही अगदी सारखे फाइल करणं म्हणजे वेगळीच साधना आहे. मागवताना मशीनचं नाव टाकून भोकाचं माप जुळवा. एनएच३५ चे काटे (१.५ आणि ०.९) ७००१ वर बसणार नाहीत.

पार्ट्सचं म्हणाल तर इथून येणारे पाहुणे हाच सगळ्यांचा राजमार्ग, माझ्या सामानात दर वेळी कुणाचे तरी काटे असतात.

डायलबहाद्दर

काटे बसवायचं राहिलं. दादा, घरी करा. चार गोष्टी लागतील, आयग्लास, चांगला चिमटा, मुव्हमेंट होल्डर आणि हँड प्रेस. स्वस्तातला चिमटा नका घेऊ, टोकं एकमेकांवर बसत नाहीत आणि काटा टिचकीसारखा उडतो, मग गादीखाली शोधत बसा. तारीख नसल्यामुळे रात्री बाराची भानगड नाही, पण तास आणि मिनिट काटा बारावरच बसवा म्हणजे नजरेला चूक लगेच कळते. तास काटा आधी, डायलला समांतर. मग मिनिट काटा. मग क्राउननं बारा तास पूर्ण फिरवून प्रत्येक तासाला बाजूनं बघायचं, काटे कुठे घासत नाहीत ना. सेकंद काटा सगळ्यात शेवटी, सहावर तास-मिनिट नसताना, आणि दाबताना मशीनच्या खालून त्या पिव्हटला आधार आहे का बघा.

केसच्या बाबतीत एकच सांगतो, बाकी तुम्हालाच जास्त कळतं. स्टेमच्या (क्राउनची आत जाणारी दांडी) भोकाची उंची. मशीन हातात येईपर्यंत ते भोक पाडू नका. स्टेमचं केंद्र डायलच्या सीटपासून किती खाली आहे हे ड्रॉइंगवरून नाही, समोरच्या मशीनवरून मोजा, पाच शतांश इकडेतिकडे झालं तरी क्राउन ओढताना अडकतो आणि रोज चावी देताना स्टेम वाकतो. चावीच्या घड्याळात तर हे रोजचंच. स्टेम कापताना थोडा लांब ठेवा आणि फाइलनं कमी करत या.

सातपूरचा_लेथवाला

पितळी केस टर्न झाली, ३५ व्यास, जाडी ७.९ धरलीये. लग्सवर अडलोय. ९६ चे लग केसमधून आपोआप वाहत आल्यासारखे दिसतात, ते वेगळे करून ब्रेझ करावेत की अख्खं एका ब्लॉकमधून मिलिंग करावं? मित्र म्हणतो ब्रेझिंग कर, वेळ वाचेल. आणि पट्टा अठराचा की वीसचा?

चावीवाला_आजोबा

ब्लॉकमधून. ब्रेझिंगला सांधा कितीही साफ केला तरी तिथे रेष दिसते, आणि त्या घड्याळाची अर्धी शोभा त्या वळणात आहे. ३१६एल ला कटर नुसतं घासू देऊ नका, वरचा थर कडक होतो आणि पुढचा कट नीट लागत नाही, फीड चालू ठेवा. पट्टा अठराचा, वीस घेतलात तर घड्याळ बारीक आणि पट्टा राक्षस दिसेल.

स्प्रिंग बारची भोकं केसपासून किती लांब ते खरा पट्टा हातात धरून ठरवा, पट्ट्याची जाडी केसला घासता कामा नये आणि मध्ये बोटभर फटही नको. आणि ती भोकं लग पॉलिश करायच्या आधी पाडा, नंतर ड्रिल घसरला की सगळी मेहनत पाण्यात.